लेकीचं गुंतवळ

टोपवाल्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, केस राहत. बाजारात एखादं जुनं गिऱ्हाईक भेटून मोठ्या आपुलकीने बोलायला लागलं, की हे नुसती मान डोलवत. मग ते निरोप घेऊन पाठमोरं झालं, मानेवरचे केस दिसले, की यांची ट्यूब पेटे, आणि भर रस्त्यात मागून हाक मारून विचारपूस पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. लोकांना याची गंमत वाटे. टोपवाल्यांना स्वतःला त्यात काहीच वावगं दिसत नसे. तोंड काय, माणूस हवं तसं करतो, केसाला ते जमत नाही, असं ते म्हणत, आणि आवाज असा लावत की समोरच्याने वाद घालायच्या फंदात पडू नये.

ते विग बनवत. टोप हा त्यांच्या मामाचा शब्द. मामाकडेच ते हे काम शिकले आणि त्या शब्दासकट त्याची गादी चालवत होते. नाटकातले राजे आणि म्हातारे त्यांच्या हातचे टोप घालून उभे राहत. आजारपणात ज्यांचे केस गेले अशा बायका मागच्या दाराने येत आणि पुढच्या दाराने ताठ मानेने जात. तळमजल्यावर एकच लांबट खोली. खिडकीपाशी उंच स्टूल, भिंतीच्या फळीवर लाकडी डोक्यांची रांग, कुणाला नाक आहे, कुणाचं झिजून गेलेलं. त्या डोक्यावर जाळी ताणून बसवायची आणि बारीक आकडीने एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायची. एका टोपाला अशा हजारो गाठी लागत. बघणाऱ्याला पाच मिनिटांत जांभई येई. टोपवाले दिवसभर बसत आणि संध्याकाळी उठताना गुडघ्यांना चार शिव्या घालत, हाताबद्दल कधी तक्रार नाही.

केसाचं मूळ कुठलं आणि टोक कुठलं, हे त्यांना न बघता कळे. केस चिमटीत आडवा धरून चोळला की तो आपोआप मुळाच्या बाजूला सरकतो. मामाने पहिलं वर्षभर त्यांच्याकडून दुसरं काही करूनच घेतलं नव्हतं. गळालेल्या केसांचं गुंतवळ पुढ्यात टाकायचं आणि म्हणायचं, सगळी मुळं एका बाजूला कर. एक जरी केस उलटा राहिला तरी टोप चार दिवसांत गुंततो. त्या वर्षात टोपवाल्यांनी एवढं गुंतवळ सोडवलं की पुढे आयुष्यातला कुठलाही गुंता आपल्याला सुटेल, असा त्यांचा ग्रहच झाला. बऱ्याच अंशी तो खराही ठरला.

केसांच्या बाबतीत ते उघडउघड पक्षपाती होते. जाड केस त्यांचा लाडका. एका गाठीला एक केस पुरतो, गाठ मारली की जागची हलत नाही, आणि टोप कसा भरदार दिसतो. बारीक केस म्हणजे डोक्याला ताप. बोटातून निसटतो, एका गाठीत दोन-दोन, तीन-तीन घ्यावे लागतात, एवढं करून जाळी दिसते ती दिसतेच. गिऱ्हाइकांना मात्र ते निक्षून सांगत, की बारीक केसाच्या डोक्यावर केस कमी असतात ही तुमची समजूत काढून टाका. बहुतेक वेळा जास्तच असतात. एकेक सूत बारीक, म्हणून वेणी उंदराच्या शेपटीएवढी दिसते. जाड केसाचा माणूस थोडक्या भांडवलावर मोठं दुकान थाटून बसलेला असतो, इतकंच. स्वतः टोपवाले त्या मोठ्या दुकानवाल्यांपैकी. सत्तरीला टेकले तरी डोक्यावर भांडी घासायचा ब्रश उगवल्यासारखे केस. कंगवे मोडत, केस मोडत नसत.

त्यांची बायको बारीक केसांची होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते केस मागे ठेवून गेली होती ते लेकीच्या डोक्यावर.

लेक बाळाला घेऊन आली ती थंडी सरता सरता. जावई दूरच्या बंदरात कामाला, त्याची सुट्टी निघेपर्यंत ती वरच्या दोन खोल्यांत बापाकडे राहणार होती. बाळ झकास होतं. दूध प्यायचं, झोपायचं आणि आजोबांच्या केसांना धरून लोंबकळायचं. लेकीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. न्हाणीघराच्या जाळीवर केस, उशीवर केस, बाळाची मूठ उघडली तर तिच्यात केस. ती ते उचलायची, बोटाभोवती गुंडाळायची आणि एका कापडी पिशवीत ठेवायची. डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून तिने ते जमवायला सुरुवात केली, आणि दाखवून झाल्यावरही ती सवय सुटेना.

डॉक्टरीणबाईंनी व्यवस्थित समजावलं होतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी असे केस जातात आणि पुन्हा येतात, घाबरायचं कारण नाही. टोपवाल्यांनी ऐकलं आणि मान हलवली, बाई आपल्याच धंद्यातल्या निघाल्यासारखी. मग त्यांनी लेकीला आपल्या भाषेत तेच सांगितलं. रोज थोडे केस जाणं हा डोक्याचा रिवाजच आहे. पोटात बाळ होतं तेव्हा तुझ्या डोक्याने जायचे होते तेही धरून ठेवले. आता ती सगळी तुंबलेली मंडळी एकदमच दाराशी आली आहे. जाऊ दे त्यांना. मागे दुसरे उभे आहेत.

लेक ऐकायची आणि आरशात बघायची. तिचं दुःख टोपवाल्यांना कळत नव्हतं असं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवायची, कानामागे दांडी सारखी करायची, चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ नेऊन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं. दुकानात चारी बाजूंना आरसे. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिलाही ते काम जीव की प्राण होतं. पण आता भांगाची रेघ रुंद झाली होती, कपाळाच्या दोन्ही कडा ओस पडल्या होत्या, आणि त्या आरशांत दिवसभर आपलं डोकं बघत बसणं तिला नको झालं होतं. तिने रजा एकदा वाढवून घेतली होती. दुकानाच्या मालकीणबाई भल्या, पण या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की सोमवारी आलीस तर तुझी जागा तुझी, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. नवऱ्याने फोनवर तिला हसवायला म्हणून सांगितलं, की अगं, टक्कल पडलं तरी मला चालेल. त्यानंतर त्याचा फोन तिने दोन दिवस उचलला नाही. तेही बरोबरच होतं म्हणा.

शेवटी तिने वडिलांकडे विगच मागितला. गावातली निम्मी डोकी तुम्ही झाकता, माझं एक झाका.

“धडधाकट डोक्यावर मी टोप बसवत नाही,” टोपवाले म्हणाले. “विगाच्या चिमट्यांनी असलेले केसही ओढले जातील. तुझं डोकं ठणठणीत आहे, आणि मी ते तसंच बाहेर काढणार आहे.”

बोलल्याप्रमाणे त्यांनी काम हातात घेतलंही होतं. लेकीच्या एका हाताला बाळ असे, त्यामुळे आल्यापासून रोज सकाळी तिचे केस तेच विंचरत. हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात आवडता वेळ. खालून आपला मोठा कंगवा आणत, तिला स्टुलावर बसवत, कंगवा टाळूशी रोवत आणि एका दमात टोकापर्यंत नेत. टोपाच्या केसांचा जुडगा सरळ करायला खिळे ठोकलेल्या फळीवरून ओढतात, अगदी तसा. मग घट्ट, गुळगुळीत, सरळ वेणी. एक केस इकडचा तिकडे नाही. लेक डोळे मिटून बसे. टोपवाल्यांना वाटे, पोरीला गुंगी येते आहे. बाळंतिणीला अशी चार क्षणांची विश्रांती हवीच, असं ते शेजाऱ्यांनाही सांगून मोकळे झाले होते.

गळती मात्र थांबेना. टोपवाल्यांच्या हिशेबाने आतापर्यंत ती ओसरायला हवी होती. उलट टाळूवर, वेणीचे पेड जिथून सुरू होतात तिथे, केस विरळ व्हायला लागले. शुक्रवारी सकाळी लेक शांतपणे म्हणाली, की एक तर टोप द्या, नाहीतर मी दुकानात कळवून टाकते की येत नाही. ती रडली-भेकली असती तर टोपवाल्यांनी तिला दामटून गप्प केलं असतं. ती शांत होती म्हणून ते चपापले.

“ती पिशवी दे,” ते म्हणाले. “तुझ्याच केसांकडून तुला सांगायला लावतो. मग तरी पटेल की नाही?”

पिशवी घेऊन ते खाली गेले, दुकानाची कडी आतून लावली आणि खिडकीपाशी काळं कापड अंथरलं. बेत साधा होता. आपण होऊन गळालेल्या केसाच्या मुळाशी पांढरा, मोहरीहून कितीतरी बारीक असा ठिपका असतो. हा ठिपका म्हणजे केसाचा कार्यभाग संपला, तो आपल्या पायांनी निघून गेला, याची निशाणी. असे सगळे केस मुळं एका बाजूला करून ओळीने मांडायचे, लेकीला खाली बोलवायचं, हातात भिंग द्यायचं आणि म्हणायचं, बघ.

गुंतवळ सोडवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा खेळ. लांब लांब केस सुटे होऊन कापडावर पडू लागले. चिमटीत धरला, चोळला, मूळ सापडलं, ठिपका दिसला. पुढचा. ठिपका. पुढचा. ठिपका. टोपवाले गुणगुणायला लागले. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, ते स्वतः बरोबर होते, आणि एकदा का आपण बरोबर आहोत हे दिसलं की त्यांना गाणं सुचत असे.

लांब केस संपल्यावर पिशवीच्या तळाशी आखूड केस उरले होते. बोटाच्या पेराएवढे, वीतभर, मधलेच कुठले तरी. टोपवाल्यांना वाटलं, हे नवे उगवलेले असतील. पण नवा केस टोकाला निमुळता होत गेलेला असतो, आणि तो मुळात असा गळत कशाला बसेल? त्यांनी एक उचलला, चोळला, मुळाची बाजू भिंगाखाली धरली. ठिपका नव्हता. दुसरं टोक बघितलं. तेही बोथट. दुसरा केस घेतला. तिसरा घेतला. गाणं कधीच थांबलं होतं.

हे केस गळाले नव्हते, तुटले होते. आणि थोडेथोडके नव्हते, आखूड केसांचा चांगला पुंजका होता. काही पांढऱ्या ठिपक्याचे केस आपल्या पायांनी गेले होते हे खरं, पण या बाकीच्यांना कुणीतरी ओढून तोडलं होतं. टोपवाल्यांनी स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला आणि दोन्ही हातांत धरून ताणला. ताणला, आणखी ताणला, मग कुठे तो तुटला. तेवढाच जोर त्यांनी लेकीच्या एका लांब केसाला लावला. लावतो आहोत हे कळायच्या आत तो हातात दोन तुकडे होऊन आला. त्यांनी कापडाशेजारी पडलेल्या मोठ्या कंगव्याकडे बघितलं. दातांच्या बुडाशी तेच सूत अडकलेलं होतं.

हाताचा काही दोष नव्हता म्हणावं, तर सगळा दोष हाताचाच होता. पन्नास वर्षं तो हात लाकडी डोक्यांवर चालला होता. लाकडी डोकं मान हलवत नाही, डोळे मिटत नाही, कितीही ओढलं तरी हूं की चूं करत नाही. आणि ज्या हाताला जाड केस प्यारा, त्याने सगळ्या जगाचे केस जाड धरून ओढले. बारीक केसाचं कौतुक आणि त्याची शास्त्रं गिऱ्हाइकांना ऐकवणारा माणूस, घरातला बारीक केस त्याने खिळ्यांच्या फळीवर घातला होता. टोपवाल्यांना स्वतःचा असा संताप आला की समोरच्या बिननाकाच्या डोक्याला त्यांनी एक चापट ठेवून दिली.

क्षणभर मनात आलं, की लांब केसांची ओळ दाखवावी आणि पुंजका खिशात घालावा. उद्यापासून हात हलका ठेवला की झालं, कोण ओळखणार आहे? या गावात ते ओळखणारा एकच माणूस होता आणि तो खिडकीपाशी बसला होता. पण केसाच्या बाबतीत त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, भर नाटकाच्या खेळाआधी नटालाही नाही, आणि सुरुवात लेकीपासून करायची त्यांची तयारी नव्हती. कंगवा आणि भिंग खिशात टाकून, कापडाची चारी टोकं सांभाळून धरत ते जिना चढले.

लेक बाळाला थोपटत होती. टोपवाल्यांनी तिच्यापुढे कापड पसरलं, भिंग दिलं आणि आधी लांब केस दाखवले. हे तुझे आपण होऊन गेलेले. यांची चिंता सोड, यांच्या जागी येणारे आले आहेत, कपाळावर बघ, ती उभी राहिलेली लव आहे ना, जिला तू तुटके केस म्हणून पाण्याने चापून बसवतेस, तिची टोकं निमुळती आहेत, ते नवे केस आहेत. लेकीने हात कपाळाकडे नेला. मग टोपवाल्यांनी पुंजका पुढे सरकवला.

“आणि हे मी तोडले.”

तिला समजेना. त्यांनी बोथट टोकं दाखवली, कंगवा दाखवला, टाळूवरची जागा बोटाने दाखवली. घट्ट वेणीची सुरुवात नेमकी तिथेच होती. सांगताना त्यांनी काही लपवलं नाही आणि आवाजही पाडला नाही. चूक सांगायचीही त्यांची तऱ्हा अशी की जणू काही पैज जिंकून आले आहेत. मात्र शेवटचा प्रश्न विचारताना तो आवाज टिकला नाही.

“विंचरताना दुखायचं का तुला?”

“हो,” लेक म्हणाली.

“रोज?”

“रोजच.”

“मग बोलली का नाहीस गं?”

लेकीने बाळाचं दुपटं उगाचच सारखं केलं. “मला वाटलं, माझंच डोकं हळवं आहे. केसांतलं तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं, बाबा?”

हे मात्र टोपवाल्यांच्या जिव्हारी लागलं. गावाने त्यांना आजवर पुष्कळ मान दिला होता आणि त्यांनी तो मोठ्या खुशीने घेतला होता. त्या मानाची किंमत आपली पोर रोज सकाळी डोळे मिटून चुकती करत होती, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांना वाटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवावा, आणि मग वाटलं, नको, या हाताने तूर्त लांबच राहावं. ते खुर्चीत बसून राहिले. बाळाने त्यांचा एक केस पकडला आणि ओढला. त्यांनी ओढू दिला.

बाळाला कडेवर घेऊन लेकच उठली. कपाटातून आपला रुंद दातांचा कंगवा काढला आणि त्यांच्या हातात दिला. स्वतः स्टुलावर पाठ करून बसली.

“बाबा, माझ्या एका हाताला हा आहे,” ती म्हणाली. “विंचरणार तुम्हीच.”

टोपवाले उठले. केस हातात घेतले, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना सुरुवात कुठून करायची हे ठरवावं लागलं. त्यांनी टोकापासून सुरू केलं. बट मध्यावर मुठीत धरली, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचायला नको, आणि खालचे चार बोटं केस हलकेच सोडवले. मग मूठ थोडी वर. पुन्हा थोडी वर. हे काम त्यांना येत नव्हतं. गाठ आली की हात सवयीने जोर धरी आणि त्याला मागे खेचावं लागे. मुंगीच्या गतीने चाललं होतं. वेणी घालायची नाही, मागे एक सैल चिमटा लावायचा, असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. भरदार बिरदार काही दिसणार नव्हतं. बारीक केस बारीक दिसतील, बिघडलं काय?

लेकीने मांडीवर फोन घेतला आणि दुकानाचा नंबर लावला. टोपवाल्यांचा हात अधांतरी थांबला. तिने मागे न बघताच, चालू ठेवा, अशी खूण केली. पलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला, त्या बाळाची चौकशी करत होत्या, मग सोमवारचं विचारत होत्या. लेक हो, हो म्हणत होती. टोपवाले आता कानामागच्या बटेपाशी पोचले होते. तिथे एक गुंता होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला, कंगवा लावला, आणि हातात पुन्हा थोडा जोर आला. लेकीचे खांदे वर झाले.

“एक मिनिट हं ताई,” ती फोनमध्ये म्हणाली, आणि मान किंचित वळवून म्हणाली, “बाबा, दुखतंय.”

टोपवाल्यांनी तत्काळ हात मागे घेतला. मग बोटांनीच, एकेक केस सोडवत, ते तो गुंता सोडवायला बसले.

“नाही, काही नाही, घरातलंच,” लेक फोनवर म्हणाली. “सोमवारी येतेय मी.”